घोडी भरवण्याआधी

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे ऐन हिवाळ्यातली. तिथून आणलेली घोडी लगेच भरवायची घाई नको. दिवस लहान असताना काही घोड्या माजावर येतच नाहीत. तोवर पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्यावी. आत पाणी दिसलं तर स्राव प्रयोगशाळेत पाठवून आधी जंतुसंसर्गावर उपचार करावेत. ग्लँडर्स या रोगासाठी रक्ततपासणी घोडीची हवी, तशीच घोड्याचीही.

साधारण 21 दिवसांचं चक्र, त्यात माज 5 ते 7 दिवस. घोडी शेपूट बाजूला धरते, थोडी थोडी लघवी करते. बीज मात्र माज संपण्याच्या 24 ते 48 तास आधी सुटतं, म्हणून नुसत्या लक्षणांवर भागत नाही. सोनोग्राफीत बीजपुटक 35 मिलिमीटरच्या पुढे गेलं की घोडा दाखवायची वेळ जवळ आली.

बीज सुटल्यानंतर 14 ते 16 दिवसांनी होणारी गर्भतपासणी कृपा करून टाळू नका. घोडीला जुळं क्वचितच पेलवतं. बहुधा दोन्ही गर्भ जातात, घोडीच्याही जिवावर बेतू शकतं. या दिवसांत पशुवैद्यक त्यातला एक गर्भ काढून दुसरा वाचवू शकतो.