अंधार जपणारे गाव

सिडनीच्या वायव्येस सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, कॅसलरे नदीच्या काठी कूनाबॅराब्रन हे अडीच-तीन हजार वस्तीचे गाव आहे. सिडनीत स्थायिक झालेल्या धाकट्या बंधूंकडे गेलो असता आईसह आम्ही तेथे दोन रात्री राहिलो. आईचा चौविहार चाळीस वर्षांचा. तारे पाहावयाचे म्हणजे रात्र, तीही थंडीची आणि परमुलखातली. म्हणून प्रथम तिने नकारच दिला होता.

प्रत्यक्षात जूनअखेरचे दिवस आम्हांस फारच सोयीचे ठरले. चातुर्मास बसलेला नव्हता, ज्येष्ठ अमावास्या जवळ होती आणि तेथे त्या दिवसांत सूर्य पाच वाजून गेल्यावर लगेच मावळतो. साडेचारला भोजन, साडेसहाला पूर्ण अंधार, नऊपर्यंत बिछान्यात! मात्र गावात कांदा-लसूणविरहित जेवणाची आशा धरू नये. दशम्या, खाकरे, मुगाची डाळ आणि विजेचा छोटा कुकर आम्ही सोबत नेला होता.

डबोमार्गे जाताना रस्त्याकडेला प्रथम प्लुटोचा फलक लागतो. साइडिंग स्प्रिंग वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीचा 37 मीटर रुंद घुमट म्हणजे सूर्य, असे मानून 3 कोटी 80 लाख पट लहान केलेली ग्रहमाला येथील रस्त्यांवर मांडली आहे. प्लुटोपासून सूर्यापर्यंत मोटारीने दोन तास लागतात, आणि पृथ्वी जेमतेम हातभर! त्या घुमटातील 3.9 मीटर व्यासाची दुर्बीण 1974 पासून कार्यरत आहे.

गावाच्या पश्चिमेस वॉरम्बंगल राष्ट्रीय उद्यान आहे. 1 कोटी 70 लाख ते 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखी जागृत होता. वेरूळची जैन लेणी ज्या कातळात कोरली, तोही लाव्हाचाच. परंतु आपल्याकडील लाव्हा पातळ असल्याने दूरवर पसरून थरांवर थर बसले. येथील लाव्हा चिकट होता. तो पुष्कळ ठिकाणी भेगांत आणि नळ्यांतच गोठला, भोवतीचा मऊ भाग झिजून गेला आणि सुळके उरले. त्यांतील ‘ब्रेडनाइफ’ ही सुमारे 90 मीटर उंच भिंत अवघी काही मीटर जाड आहे. तिच्याजवळून जाणारी साडेचौदा किलोमीटरची फेरी आम्ही भावांनी पहाटेच निघून तीनच्या आत पूर्ण केली; सूर्यास्तापूर्वी जेवणारांनी हा हिशेब आधीच करावा. आईसाठी व्हाइटगमचा एक किलोमीटरचा फरसबंद रस्ता पुरेसा होता. जानेवारी 2013 च्या वणव्यात हे उद्यान बहुतांश जळाले. काळवंडलेली खोडे अजून दिसतात, त्यांच्या बुंध्यांशी नवी पालवीही.

रात्री गावाबाहेरच्या एका खाजगी दुर्बिणीपाशी गेलो. मोबाइल बंद करावयास सांगितले गेले. उजेड एका तांबड्या विजेरीचा. त्रिशंकू दक्षिणेस उंच होता, वृश्चिक माथ्याकडे चढत होता, ध्रुव मात्र क्षितिजाखाली. ओमेगा सेंटॉरी हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा पुंज आईने दुर्बिणीतून पाहिला आणि हात जोडले. “ज्योतिष्क देवांची विमाने,” ती म्हणाली. पुतण्या हसला. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र, हे त्याने पाठशाळेत ऐकले होते आणि शाळेत निराळेच. दोघांचा वाद तेथेच सुरू झाला आणि मिटला नाही. खरे सांगावयाचे तर, मधे पडण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नव्हते.

यजमानांनी गरम चहा पुढे केला, तो आईने नाकारला. त्यांनी कारण विचारताच पुतण्यानेच वाद सोडून समजावले, की दिव्याभोवती जीव जमतात, अन्नात पडतात आणि आपल्याला दिसत नाहीत. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, आमच्याकडेही दिव्याचा नियम आहे. वेधशाळेभोवती 200 किलोमीटरपर्यंत बाहेरचे दिवे झाकलेले आणि खाली वळवलेले असावेत, असा शासनाचा दंडक. 2016 साली हे उद्यान ऑस्ट्रेलियातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. आईने विचारले, “मग दुकानांच्या पाट्या रात्री विझवता का?” आमच्या पेढीची पाटी रात्रभर जळते, हे आम्हां दोघां भावांनाही ठाऊक होते. आम्ही आकाशाकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या रात्री ढग दाटले. कार्यक्रम रद्द झाला, तरी आई शाल गुंडाळून, जपमाळ हाती घेऊन ओसरीवर साडेआठपर्यंत बसून होती. पुतण्या तिच्या शेजारी होता.