सातमाशाचं वय कुठून मोजायचं?

एका आजींचं पत्र आलंय. नातू नऊ महिन्यांचा झाला तरी आधाराशिवाय बसत नाही, जावेचा नातू सातव्यातच बसला. ‘जन्मला तेव्हा जेमतेम 1800 ग्रॅम होता, म्हणून मागे पडला का?’

आजी, ग्रॅम कळले. आठवडे कळवायचे राहिले. विचारल्यावर उत्तर आलं : 32 आठवडे. म्हणजे गडी 40 च्या हिशेबाने आठ आठवडे आधीच आला. नऊ महिन्यांतून तेवढे वजा केले, की विकासाच्या दृष्टीने तो सात महिन्यांचा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलंही आधाराशिवाय बसायला सव्वानऊ महिन्यांपर्यंत वेळ घेताना दिसली. तेव्हा जावेच्या नातवाला शर्यतीतून काढा. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत करायची. लशी मात्र जन्मतारखेनेच. तिथे सूट नाही.

आता हेच 1800 ग्रॅम 39 व्या आठवड्यात भरले असते तर? 32 आठवड्यांना हे वजन बेताचं, बरोबर. 39 ला ते पोटात वाढ खुंटल्याची खूण. अशा बाळाला एक दिवसाचीही वजाबाकी मिळत नाही. सूट आठवड्यांना असते, ग्रॅमना नसते. घरोघरी नेमकी इथेच गल्लत होते. ‘कमी वजनाचं आहे, करेल सावकाश’ म्हणत पूर्ण दिवसांच्या बाळाची तपासणी लांबते.

काही बाळं लवकरही येतात आणि त्या आठवड्याच्या मानाने बारीकही असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी 1987 पासून दोन किलोंखालची बाळं मोठी होईपर्यंत पाहिली. बाराव्या वर्षी बुद्ध्यंकात सगळ्यांत मागे होती ती अशी दुहेरी मार बसलेली मुलं. आईचं शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही बुद्ध्यंकावर मोठा प्रभाव दिसला.

पण आठवडे खात्रीने कळणार कसे? पाळी कधी चुकली विचारलं, तर ‘संक्रांतीच्या आसपास’ हेच उत्तर येणार. 1993 मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास मांडला, तेव्हा दिवस राहण्याआधीपासूनच बायकांच्या पाळीच्या तारखा दरमहा टिपल्या जात. त्या अभ्यासातल्या ‘बारीक पण चरबीदार’ बाळांचा जगभर बोलबाला झाला; मला त्या तारखांच्या वह्यांचंच जास्त कौतुक. लवकर आलेलं कोण आणि खुंटलेलं कोण, हे त्यांच्याशिवाय वेगळं कसं काढणार?

तुमच्या घरी अशी वही नसेल. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद असेल, तर तो बाळाच्या लसीकरणाच्या कार्डालाच टाचून ठेवा. डॉक्टर वजनाच्याही आधी तो मागतील.