नैवेद्याचा केक आणि डब्यातला कागद

दीपावलीच्या फराळात करंजी, चकली, अनारसे यांचे मानाचे स्थान अबाधित आहे. परंतु नानकटाईने त्या पंक्तीत केव्हाच पाट मांडला आणि अंड्यावाचूनचा रव्याचा केकही आता कित्येक घरी देवापुढे ठेवला जातो. तो ठेवावा की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. ठेवायचाच तर तो अभंग असावा, एवढेच आमचे म्हणणे. कडेने खरवडून काढलेला, बूड डब्यातच राहिलेला केक नैवेद्याच्या ताटात कोणत्याही गृहिणीला रुचणार नाही. अंडे नसल्याने हा केक मुळातच ठिसूळ. म्हणून तो सबंध निघणे पुष्कळसे डब्यातल्या कागदावर अवलंबून असते.

ही युक्ती आपणांस परकी नाही. कोकणातील घरांतून काकडीचे धोंडस करताना जाड बुडाच्या पातेल्यात केळीचे पान अंथरीत, त्यावर मिश्रण ओतीत आणि झाकणावर निखारे ठेवीत. पानगी केळीच्या पानावर, पातोळी हळदीच्या पानात. पदार्थ आणि तापलेले भांडे यांमध्ये काहीतरी हवे, हे आपल्या आजी-पणजींना पक्के ठाऊक होते. पानाचा सुगंध कागदाला नाही, हे मात्र खरे.

घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात नानकटाईचे पीठ घरी मळून जवळच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची चाल होती. फराळाच्या दिवसांत तेथे पत्र्याच्या ट्रेंची रांग लागे. भट्टीतल्या ट्रेमध्ये आदल्या दिवशी काय भाजले असेल कोण जाणे! तेव्हा त्यावर कागद अंथरणे सोयीचे, आणि सोवळ्याच्या दृष्टीनेही समाधानाचे. हा कागद बहुधा जुन्या वर्तमानपत्राचा असे.

वर्तमानपत्रातच हे लिहिताना किंचित संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात, विशेषतः तुपकट व गरम अन्नात, उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली याविषयी इशारा दिला आणि 2018 च्या वेष्टनविषयक नियमांत अन्न गुंडाळण्यास वा साठविण्यास वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली. भट्टीच्या आचेवर तर त्याचा विचारही नको. ज्या ताटावर तुळशीपत्र ठेवायचे, त्यात शाईचा अंश कशाला?

मेणकागदही नको, त्याचे मेण वितळते. ‘बटर पेपर’ या नावाने मिळणारा प्रत्येक कागद भाजण्याचा असतोच असे नाही. पुडक्यावर ओव्हनसाठी योग्य असल्याचा व तापमानाचा उल्लेख पाहूनच घ्यावा. घरगुती केक साधारण 170 ते 180 अंश सेल्सियसवर भाजला जातो.

डबा कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखावी आणि कात्री रेषेच्या आतून चालवावी. म्हणजे कागद तळाशी सपाट बसतो व पेन्सिलीची खूणही जाते. डब्याला आतून साजूक तुपाचे बोट फिरवावे. कागद घसरू नये म्हणून हे तूप, केवळ केक सुटावा म्हणून नव्हे. कडेच्या पट्टीला खालून दोन सेंटिमीटर दुमड घालून तिला जवळजवळ चिरा द्याव्यात. गोल डब्यात ती मग सुरकुती न पडता वळते. पट्टी डब्याच्या काठावर थोडीच डोकवावी. ओव्हनच्या तापलेल्या तारेला कागद टेकला तर पेट घेतो. आधी पट्टी, मग तळाचा गोल. वरून पुन्हा तुपाचा हलका हात.

नानकटाईला मात्र हा शेवटचा हात देऊ नये. तिच्या पिठात तूप भरपूर असते. कागदही तुपकट केला तर ती पसरते आणि तळाला जास्त करपते. ट्रेवर नुसता कागद अंथरावा आणि गोळ्यांत बोटभर अंतर ठेवावे.

केक बाहेर काढल्यावर दहा मिनिटे धीर धरावा. लगेच उपडा केल्यास मोडतो. फार वेळ डब्यात राहिला तर वाफेने बूड ओलसर होते. ताटलीवर उपडा करून, कोमट असतानाच कागद एका कडेने सावकाश सोलावा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून डोंबिवलीकर फडके रस्त्याने गणेशमंदिराकडे निघतात. त्या घाईत ओव्हन तापविणे शक्य नाही. आदल्या रात्रीच केक करून कागद काढावा, पूर्ण निवू द्यावा आणि झाकून ठेवावा. वड्या पाडायच्या त्या नैवेद्य दाखवून झाल्यावरच.