खाच नेमकी कुठे पडली?

६, ६, ६, ६, ६, २, ६, ६ ही आकड्यांची रांग पाहा. सगळं सपाट, फक्त सहाव्या जागी एक खाच. फूरिये रूपांतर ही रांग वेगवेगळ्या वारंवारितेच्या साइन तरंगांची बेरीज म्हणून मांडतं. साइन तरंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच हलतो, म्हणून एवढीशी खाच कोरायला सगळे तरंग राबतात आणि कोणता तरंग किती घ्यायचा हे सांगणारे आठही गुणक शून्याहून वेगळे येतात. हंगेरीचा गणिती आल्फ्रेड हार याची रीत निराळी. शेजारच्या जोड्या करा, प्रत्येकीची सरासरी आणि निम्मा फरक मांडा. सरासऱ्या येतात ६, ६, ४, ६ आणि निम्मे फरक ०, ०, २, ०. खाच तिसऱ्या जोडीत आहे, हे लगेच दिसतं. सरासऱ्यांवर हीच कृती आणखी दोनदा केली की शून्याखेरीज चारच आकडे उरतात. वेव्हलेट म्हणजे थोड्या जागेपुरती छोटी लहर, आणि डिस्क्रीट वेव्हलेट रूपांतराचं सर्वांत साधं रूप ते हेच.

फूरियेत काळाची माहिती हरवते, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. माहिती तरंगांच्या फेजमध्ये, म्हणजे कोणता तरंग किती सरकलेला आहे यात, पुरती शाबूत असते. फक्त ती सगळ्या गुणकांत विखुरते, आणि साठवताना जागा वाचवायला काही गुणक गाळायची वेळ आली की हे विखुरणं महागात पडतं. अमेरिकेच्या एफबीआयने १९९३ साली बोटांच्या ठशांसाठी वेव्हलेटचं मानक स्वीकारलं, तेव्हा प्रश्न असाच चित्र दाबून साठवण्याचा होता. दुसरा पर्याय जेपेगचा. त्यातलं कोसाइन रूपांतर फूरियेच्याच घराण्यातलं, आणि ते लावण्याआधी जेपेग चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडतं. ठसा पंधरापट दाबला की त्या चौकोनांच्या कडा बोटावरच्या रेषांमध्ये घुसतात, आणि ओळख तर रेषा कुठे तुटते, कुठे दुभंगते यावरच ठरते.

मग संकेताचे तुकडे करून प्रत्येकाचं फूरिये का काढू नये? काढतात, पण तुकड्याची रुंदी एकदाच ठरवावी लागते. वेव्हलेट झटक्यासाठी आखूड होतो, संथ चढउतारासाठी लांब. याची किंमतही आहे. ध्वनिमुद्रणात शिरलेली विजेची ५० हर्ट्झची घरघर फूरियेत एकाच टोकदार शिखरासारखी उभी राहते. वेव्हलेटचे वारंवारितेचे पट्टे मात्र दुपटीने रुंदावत जातात, त्यामुळे ५० आणि ५५ हर्ट्झ सहसा एकाच पट्ट्यात पडतात. म्हणून वेव्हलेटला फूरियेचा वारसदार म्हणणं मला पटत नाही.

दोघं मिळूनही राबतात. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने टिपलेली गुरुत्वीय लहर सुमारे ०.२ सेकंदांत ३५वरून २५० हर्ट्झपर्यंत चढली. तिची पहिली चाहूल काही मिनिटांत लागली ती वेव्हलेटवर आधारलेल्या शोधाला. कृष्णविवरांच्या टकरीच्या सैद्धांतिक नमुन्यांशी ती पुढे ताडून पाहिली गेली, आणि ते ताडणं फूरियेच्या गणितावर चालतं.