सरकपट्टीची वही

पहिलीतलं मूल बाराखडी धडाधडा म्हणतं, पण सुटा शब्द दिसला की अडतं. कृती-वही नेमकी इथे कामी येते. वहीच्या पानावर कार्डपेपरची खिडकी चिकटवायची, खिडकीला लागूनच उजवीकडे दुसरी वेलांटी काढायची आणि मागून अक्षरांची पट्टी सरकवायची. म सरकला की ‘मी’, त आला की ‘ती’, ह आला की ‘ही’. चिन्ह तेच, अक्षर बदलतं, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी कळतं. दुसऱ्या पानावर झडपा: वर चित्र, उघडलं की शब्द. मात्र कापाकापीत तास घालवू नये, पट्ट्या आधीच कापून ठेवाव्यात. खरा फायदा पुन्हापुन्हा वाचण्यात आहे. पालकांनो, वही घरी आली की रोज पाच मिनिटं मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.