खाच आणि रेघ

नाटकाचा सेट घेऊन आमचा टेम्पो दिल्लीत शिरला, तोवर इंजिनाच्या पुढच्या अंगाने टकटक सुरू झाली होती. 2012 चा डिसेंबर. मुक्काम पहाडगंजला, आरामबागेतल्या नूतन मराठी शाळेच्या आसपास. प्रयोग पार पडला आणि परतीच्या चौदाशे किलोमीटरची धास्ती उरली. ड्रायव्हरने निकाल देऊन टाकला होता, "टायमिंग चेन गेली." चहाच्या टपरीवर जमलेल्यांनीही माना डोलावल्या.

धास्ती खोटी नव्हती. आमचा टेम्पो जुन्या बजाज टेम्पोचा आणि त्याचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बांधलेलं. 1973 साली 240 डी मोटारीत आलेलं हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन पुढे आपल्याकडच्या ट्रॅव्हलरमधून गावोगाव फिरलं. त्यात क्रँक, कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप या तिघांना एकच दुपदरी चेन बांधून ठेवते. ती झिजली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, डिझेलही उशिरा पडतं. तुटली, तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात.

मोतिया खानच्या बाजूला एका गल्लीत मिस्त्री सापडला. त्याने आवाज ऐकला, इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाला, "सुबह आना. ठंडा इंजन चाहिए."

सकाळी धुक्यात बोनेट उघडलं. टॅपेट कव्हर निघालं. दाब सुटून इंजिन हाताने फिरावं म्हणून ग्लो प्लगही काढले. क्रँकच्या नटावर सत्तावीसची गोटी चढवून त्याचा पोरगा दांडा ओढू लागला. मिस्त्रीने टॉर्च कॅमच्या दातेरी चाकामागे धरला. तिथे एका चकतीवर नखाने चाचपावी इतकी बारीक खाच असते आणि पहिल्या बेअरिंगच्या ठोकळ्यावर एक उभी रेघ. खाच रेघेसमोर आली की खाली पुलीवरचे अंश वाचायचे. चेन नवी असेल, तर तिथे जवळजवळ शून्य दिसतं.

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणत नाही. झिजतात ते कड्यांमधले सांधे. एकेका सांध्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग गेला, तरी शंभर सांध्यांत पुरा एक मिलिमीटर होतो. तेवढ्याने कॅम क्रँकच्या मागे पडतो. किती मागे, ते पुली सांगते.

पोराचा हात किंचित जास्त गेला. खाच रेघ ओलांडून पुढे सरकली. त्याने दांडा उलटा दाबून ती जागेवर आणली. मिस्त्रीने टॉर्चच विझवला. "पीछे नहीं. फिर से घूम के आ." उलट फिरवलं की चेनची ढील ताणाच्या बाजूला येते आणि आकडा खोटा येतो. इंजिन ज्या दिशेने चालतं, त्याच दिशेने खाचेपर्यंत यायचं. कॅमचा एक फेरा म्हणजे क्रँकचे दोन. पोराने ते दोन्ही फेरे निमूट पुन्हा मारले. शेवटचा वीतभर दांडा त्याने श्वास रोखून ओढला.

खाच, रेघ एका ओळीत. पुलीवर शून्याच्या पुढे तीन अंशांच्या आत. अकरा वर्षांच्या गाडीला एवढी झीज चालते. चेन शाबूत होती.

मग टकटक कसली? मिस्त्रीने फिलर गेजची पानं उलगडली. थंड इंजिनात या व्हॉल्व्हची फट सेवनाच्या बाजूला 0.10 आणि धुराच्या बाजूला 0.30 मिलिमीटर हवी. पहिल्या सिलिंडरच्या धुराच्या व्हॉल्व्हमध्ये तिशीचं पान सैल खेळत होतं. पन्नाशीचं घातलं, तेही सहज गेलं. चेक नट सुटला होता. तो सिलिंडर चेनला लागूनच, म्हणून आवाज चेनचा वाटला. चौदाच्या दोन पान्यांनी फट बसवायला काही मिनिटं लागली. आठही व्हॉल्व्ह तपासून झाल्यावरच त्याने हात पुसले.

एप्रिल 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसर बंद केला. आमच्या टेम्पोसाठी ती वाट संपली. पण जुनं इंजिन पदरी असलेल्यांना एवढंच सांगतो : कान शंका घेतो, साक्ष खाच देते. आवाजावरून चेन बदलायला निघालात, तर आधी कव्हर उघडून मोजायला लावा. आणि मोजणारा दांडा उलटा फिरवत नाही ना, हे शेजारी उभं राहून बघा.