नाममुद्रा आणि ध्वनिखंड : हिप-हॉप संगीतातील कर्तृत्वाचा प्रश्न

अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या रचनेत ‘दिगंबरानुचर’ ही मुद्रा आढळते. ती दिसताच कर्ता कोण, हा प्रश्न उरत नाही. बीड जिल्ह्यातील गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनकार पूर्वसूरींचे अभंग निरूपणात गुंफतो, त्यांना स्वतःच्या दृष्टांतांची जोड देतो; तथापि ‘तुका म्हणे’ हे शब्द उच्चारले जाताच ऋणाची कबुली आपोआप दिली जाते. जुन्या रचनेतून नवी रचना सिद्ध करण्याची पद्धती हिप-हॉप संगीतातही आहे. तेथे मुद्रेचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिप-हॉपचा उगम १९७०-८० या दशकात न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. तेथील वादक एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर चढवून, केवळ तालवाद्यांचा जो लहानसा भाग असे तो आळीपाळीने वाजवीत व लांबवीत. पुढे ध्वनीचा तुकडा कापून साठविणारी, त्याची गती व स्वर बदलणारी यंत्रे आली. या क्रियेस ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल व फंक संगीत आणि जुन्या चित्रपटांचे पार्श्वसंगीत ही या तुकड्यांची मोठी भांडारे होत.

या दृष्टीने ‘बॉम्बे द हार्ड वे : गन्स, कार्स अँड सितार्स’ हा विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेला संग्रह अभ्यसनीय आहे. मुंबईचे संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांचे १९७०-८० या दशकातील चित्रपटांसाठी केलेले संगीत घेऊन डॅन द ऑटोमेटर या निर्मात्याने त्यावर नवे ताल चढविले. तालाच्या कामी डीजे शॅडो याचे साहाय्य झाले. त्या काळच्या मुंबईतील मारधाडीच्या चित्रपटांच्या संगीतावर अमेरिकन सोल व फंक यांची छाया स्पष्ट होती. म्हणजे अमेरिकेहून मुंबईस आलेला नाद सतार-तबल्याचा संस्कार घेऊन पुन्हा अमेरिकेस परतला, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ संगीतकारांचे नाव या संग्रहावर आहे. परंतु बहुतेक तुकड्यांस नवी, विनोदी इंग्रजी शीर्षके दिली गेल्यामुळे कोणता तुकडा कोणत्या चित्रपटातील, हे सामान्य श्रोत्यास उमगत नाही. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे अनेक कुशल वादक होते. त्यांची नावे तर मूळ चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही क्वचितच येत. खुद्द कल्याणजींनी ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटात क्लॅव्हिओलिनवर वाजविलेली बीन देशभर गाजली. पण त्या चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार होते. वादकाचे नाव झाकले जाण्याची सुरुवात सॅम्पलिंगने केली, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

नाव वगळल्यास काय घडते, याचे उदाहरण २००२ सालचे ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ हे गीत होय. त्यात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकरांचा आवाज घेतला होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांनी दाद मागितली, आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथील न्यायालयाने श्रेयनिर्देशावाचून विक्री करण्यास मनाई केली.

येथे एक शंका संभवते. आपल्याकडील भीमगीतांतही चित्रपटगीतांच्या चाली सर्रास घेतल्या जातात. मग भेद तो कोणता? भेद उसनवारीच्या वस्तूत आहे. कीर्तनकार शब्द घेतो. भीमगीतकार चाल घेतो, शब्द स्वतःचे घालतो. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गीतांत तर ‘वामन’ ही मुद्राही येते. गाणारा कंठ मात्र दोन्हीकडे नवाच असतो. सॅम्पलिंग करणारा प्रत्यक्ष घडलेले गायन वा वादनच उचलतो. त्यामुळे कवी व संगीतकार यांच्या जोडीला त्या क्षणी गाणाऱ्या-वाजविणाऱ्या व्यक्तीचाही हक्क उपस्थित होतो.

शिवाय मुद्रा शब्दांत गुंफता येते; तालाच्या चार मात्रांत ती गुंफावी कोठे? रचनेच्या आत जागा नसल्याने ती बाहेर, वेष्टनावरील नोंदीत ठेवावी लागते, आणि बाहेर ठेवलेली वस्तू सहज गळून पडते. अभंग मुखोद्गत होऊन शतके टिकला, तरी नाव त्याच्याबरोबरच चालले. ध्वनिमुद्रण अधिक अचूक असूनही त्यातील नाव अधिक दुबळे ठरले, हा विरोधाभास ध्यानी घेण्याजोगा आहे.

आपल्या क्षेत्रकार्यास यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. जिल्ह्यातील भजनी मंडळे, जलसे अथवा गोंधळी यांचे ध्वनिमुद्रण करताना गायकाचे नाव आपण लिहितो. मृदंग, ढोलकी वा संबळ वाजविणाऱ्याचे, तसेच मागे झील धरणाऱ्यांचे नाव लिहिण्यास विसरतो. उद्या त्यातील एखादा तुकडा जगाच्या दुसऱ्या टोकास नव्या रचनेत वाजू लागला, तर त्या वादकाचा हक्क सिद्ध करणारा पुरावा आपल्या नोंदवहीखेरीज अन्यत्र असण्याचा संभव अल्प आहे. म्हणून प्रत्येक ध्वनिफितीसोबत सर्व सहभागी कलावंतांची नावे, गाव, दिनांक व त्यांची संमती नोंदविणे, हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.